हिरोशिमाला नदीत दिवे सोडून आलो, त्याचा सविस्तर रिव्ह्यू

आईने निघायच्या आधीच विचारून ठेवलेलं की तिथे नदीत सोडायला कणकेचा दिवा चालतो का, चालत असेल तर ती कणीक आणि वाती बरोबर घ्यायला तयार होती. भाऊ ओसाकाहून फोनवर म्हणाला, आई तिथे सगळं मिळतं, तू फक्त ये. मग तिने कणीक ठेवली पण वाती घेतल्याच, त्या शेवटपर्यंत तिच्या पर्समधे होत्या आणि अजूनही असतील.

तर मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमधे आम्ही भावाकडे जपानला गेलो होतो, मी, आई आणि माझा नवरा. ऑगस्टमधे जपानला जाऊ नका असं प्रत्येक जण सांगतो आणि प्रत्येक जण बरोबर सांगतो, उकाडा म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या मुंबईसारखा, घाम पुसून पुसून रुमाल पिळायची वेळ. पण पोरांच्या परीक्षा, नवऱ्याची रजा, भावाची ओबोनची सुट्टी हे सगळं गणित तिथेच बसत होतं, आणि मला काही वर्षांपासून ते पाण्यावर कागदी कंदील सोडतात ते बघायचं होतं. त्याला तोरो नागाशी म्हणतात, तोरो म्हणजे कंदील आणि नागाशी म्हणजे प्रवाहात सोडणं. जपानमधे हे बऱ्याच गावांत होतं, बहुतेक ठिकाणी ओबोन संपताना १५-१६ ऑगस्टला. ओबोन म्हणजे त्यांचा पितृपक्षच समजा, तीन-चार दिवस पितर घरी येतात आणि शेवटी त्यांना उजेड दाखवून परत पाठवायचं. ओबोन हा शब्दच मुळात संस्कृत 'उल्लंबन' वरून आला असं मानतात, हे आईला सांगितल्यावर तिला एकदम ते लोक आपल्यातले वाटायला लागले.

हिरोशिमाचं मात्र वेगळं आहे. तिथे दिवे ६ ऑगस्टला सोडतात, बॉम्ब पडला त्या दिवशी. आणि २०२५ ला बरोबर ८० वर्षं होत होती.

मला हे आधी कळलेलं असून नीट कळलं नव्हतं. इंस्टावर जे रील्स असतात ना, निळी संध्याकाळ, रंगीत चौकोनी दिवे, मागे हळू म्युझिक, ते बघून वाटतं की हा एक 'लँटर्न फेस्टिवल' आहे, जरा दिवाळी पहाटसारखं वातावरण असेल, खायचे स्टॉल असतील, कुठेतरी ढोल वाजत असेल. तसलं काही नाहीये. म्हणजे जपानी उन्हाळ्यातल्या बाकीच्या जत्रांमधे हे सगळं असतं, याताई म्हणतात त्या स्टॉल्सना, पण इथे तुम्ही हजारो लोकांच्या श्राद्धाला आलेले असता आणि तेही न बोलावता, आणि तरी ते तुम्हाला पहिल्या पंगतीला बसवतात असा काहीसा प्रकार आहे. हे डोक्यात घेऊन गेलात तर हा अनुभव पाचपैकी पाच. रील करायला गेलात तर तुमचे पैसे आणि दुसऱ्यांची संध्याकाळ दोन्ही वाया.

आता क्रमाने सांगते.

ओसाकाहून नोझोमी शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण दीड तास लागतो, तिकीट एका बाजूचं दहा हजार येनच्या वर, म्हणजे माणशी सहा हजार रुपये धरून चला. जेआर पास (टुरिस्टांसाठीचा रेल्वे पास) असला तरी नोझोमीला वरचे पैसे भरावे लागतात हे लक्षात ठेवा, आम्ही पास काढलाच नाही. हिरोशिमा स्टेशनवरून ट्रॅम, आणि ही ट्रॅम आता स्टेशनच्या बिल्डिंगमधेच दुसऱ्या मजल्यावरून सुटते, आम्ही गेलो त्याच्या दोन-तीनच दिवस आधी ते चालू झालेलं त्यामुळे तिथले लोकच फोटो काढत उभे होते आणि आम्हाला वाटलं कोणी हिरो आलाय. २ किंवा ६ नंबरची ट्रॅम पकडायची, गेनबाकु डोम-माए ला उतरायचं (गेनबाकु डोम म्हणजे बॉम्बनंतर उरलेली ती घुमटाची इमारत), तिकीट २४० येन, शहरात बहुतेक ठिकाणी तेवढंच. आणि ही ट्रॅम साधी नाही बरं का, बॉम्ब पडल्यावर तिसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, यांनी एका तुकड्यावर ट्रॅम परत चालू केली होती. आमच्या कोल्हापुरात पूर ओसरल्यावर पंधरा दिवस केएमटी, म्हणजे सिटी बस, नीट येत नाही.

हॉटेल. इथे माझी पहिली तक्रार. ५ आणि ६ ऑगस्टला रेट तिप्पट असतात, आणि आम्ही मे मधे बुक करायला बसलो तेव्हाच बरंचसं भरलं होतं. आम्हाला जे मिळालं त्याचं नाव घेत नाही पण खोली एवढी होती की एक सूटकेस उघडली तर दुसरी बंद ठेवावी लागायची, आणि आईला बाथरूमच्या उंबऱ्यावर चढता येईना. जायचं असेल तर जानेवारी-फेब्रुवारीतच बुक करा, नाहीतर ओकायामाला राहा आणि ट्रेनने या-जा करा.

सकाळचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम आठ वाजता सुरू होतो. आम्ही साडेपाचला उठून निघालो, पीस मेमोरियल पार्कात शिरताना बॅगा तपासतात, रांगा लांब होत्या पण भराभर सरकत होत्या. खुर्च्या वगैरे आपल्या नशिबात नव्हत्या, झाडाखाली लांब उभे राहिलो. ८ वाजून १५ मिनिटांनी घंटा होते आणि एक मिनिट सगळे गप्प. माणसं गप्प, सिकाडा किडे मात्र गप्प बसत नाहीत, ते असे कर्कश ओरडत होते की त्या मिनिटाची माझी आठवण म्हणजे तोच आवाज आहे. शिवाय डोमच्या बाजूने कुठलीतरी निदर्शनं चालू होती, लाउडस्पीकरवरचा आवाज मधूनमधून येत होता. मला ते खटकलं, भाऊ म्हणाला हे दरवर्षीचंच आहे.

नंतर लोक त्या कमानीसारख्या स्मारकापुढे रांग लावतात, फुलं ठेवतात, हात जोडतात. त्या कमानीखाली दगडी पेटी आहे, तिच्यात मेलेल्यांच्या नावांच्या वह्या ठेवलेल्या असतात. दरवर्षी ६ ऑगस्टला नवीन नावं घालतात, वर्षभरात जे हिबाकुशा, म्हणजे बॉम्बमधून वाचलेले लोक, गेले त्यांची, आता आकडा साडेतीन लाखांच्या जवळ गेलाय. त्यातली एक वही ज्यांचं नावच कळलं नाही त्यांच्यासाठी आहे. थोडं पुढे गवताचा एक गोल उंचवटा आहे, त्याच्याखाली सुमारे ७० हजार बेवारस लोकांची रक्षा ठेवलीये.

आई तिथे बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "आपल्याकडे ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचं सर्वपित्रीला करतात. इथे उलटंच झालंय बाई, तिथी सगळ्यांची एकच, पाठ आहे, नावंच माहीत नाहीत."

मी हे वाक्य तेव्हाच मोबाइलमधे टाइप करून ठेवलं.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच ट्रॅव्हल व्हिडिओत मला दिसली नव्हती. पार्कात जिथे जिथे छोटी स्मारकं आहेत तिथे लोकांनी फुलांबरोबर पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या होत्या, कोनबिनीतल्या (तिथली चोवीस तास चालणारी छोटी दुकानं) साध्या प्लॅस्टिकच्या, काही तर झाकण उघडून. पहिल्यांदा वाटलं कोणी विसरलंय. भावाने सांगितलं की त्या दिवशी भाजलेली माणसं पाणी पाणी करत मेली, नदीवर पाणी प्यायला गेली आणि तिथेच पडली, म्हणून इथे पाणी ठेवतात. आपण तर्पण करतो, पाणी सोडतो, ते कशासाठी हे कधी कोणी समजावून सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही, आणि इथे एका आजोबांना स्वतःच्या थर्मासमधलं पाणी त्या दगडावर ओतताना बघितल्यावर विचारायची गरजच राहिली नाही. आईने पण आपल्या बाटलीतलं अर्धं ओतलं. उरलेलं अर्धं तिला प्यायला लावलं मी जबरदस्तीने, कारण डोक्यावर पस्तीसचं ऊन होतं.

उन्हाचं सिरियसली घ्या. छत्री, टोपी, ओला रुमाल, ओआरएसची पाकिटं. दुपारी १२ ते ४ बाहेर राहू नका. पार्कात सावली आहे पण बसायला जागा कमी, आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर हा खरा प्रॉब्लेम होतो. माझे अर्धा मार्क इथेच कापलेत, संध्याकाळच्या रांगेत तर एकही बाकडं नाही.

संध्याकाळ. दिवे सहा ते नऊ सोडतात, पण कागद आणि दिवा त्याआधीच विकायला लागतात, आम्ही साडेचारला पोचलो. मंडप लावलेले असतात, एका दिव्याचे हजाराच्या आसपास येन, म्हणजे पाच-सहाशे रुपये. पैसे दिले की एक रंगीत कागद मिळतो, लाल पिवळा हिरवा निळा असे रंग, टेबलावर मार्कर पेनं ठेवलेली असतात, बसून नाही उभं राहून लिहायचं. नंतर लाकडी पट्ट्यांचा चौकोनी तळ, मधे मेणबत्ती आणि भोवती चारही बाजूंनी तो कागद. झालं, एवढाच दिवा. एकदम हलका, आपल्या आकाशकंदिलाचा लहान भाऊ म्हणा.

मदतीला शाळा-कॉलेजची पोरं-पोरी असतात, घामाने भिजलेली आणि तरी वाकून वाकून बोलणारी. इंग्रजी जेमतेम, पण हातवाऱ्यांनी काम होतं.

इथे आमचा अर्धा तास गेला कारण आईला प्रश्न पडला की लिहायचं काय. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. ती म्हणाली, हे दिवे इथल्या लोकांसाठी सोडायचे ना, मग त्यात यांचं नाव कसं घालू, ते काय युद्धात गेले नाहीत, ते तर सीपीआरमधे गेले. (बाहेरच्यांसाठी सांगते, सीपीआर हे कोल्हापुरातलं सरकारी हॉस्पिटल.) भावाने एका मुलीला विचारलं, तिने सांगितलं काहीही लिहा, कोणाचंही नाव लिहा, किंवा फक्त इच्छा लिहा. तरी आईचं समाधान होईना. शेवटी तिने असं केलं की एका बाजूला बाबांचं नाव आणि बाकी तीन बाजू कोऱ्या ठेवल्या. मी म्हटलं अगं शांतीचा वगैरे काहीतरी संदेश लिही, सगळे लिहितायत. तर म्हणे, "नावं माहीत नाहीत म्हणून कोऱ्या ठेवल्यात, मुद्दाम ठेवल्यात, तू मधे नको बोलू." मी गप्प बसले. माझ्या स्वतःच्या दिव्यावर मी काय लिहिलं ते इथे सांगत नाही, आईच्यापुढे ते फारच ग्रीटिंग कार्डसारखं होतं.

मग रांग. पाऊण तास उभे होतो, आमच्यापुढे एक कुटुंब होतं, आजी व्हीलचेअरवर, नात तिला कागदी पंख्याने वारा घालत होती, आणि मागे तीन टुरिस्ट पोरं होती जी पूर्ण वेळ मोठ्याने लाइव्ह करत होती. कोणी त्यांना काही बोललं नाही. जपानी लोक बोलत नाहीत, नुसतं बघतात, आणि ते बघणं ज्याला कळतं त्याला पुरतं, त्या पोरांना काही कळलं नाही.

जागा अशी आहे की मोतोयासु नदीच्या एका काठाला पार्क, आणि बरोबर समोरच्या काठाला तो डोम. ही इमारत १९१५ ची, यान लेत्झेल नावाच्या चेक आर्किटेक्टने बांधलेली, प्रदर्शनं भरवायचा हॉल होता. बॉम्ब हिच्या जवळजवळ डोक्यावर, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, आतली माणसं सगळी गेली आणि भिंती मात्र काही उभ्या राहिल्या कारण धक्का वरून खाली आला. संध्याकाळी तिच्यावर लाइट सोडतात आणि पाण्यात तिची पडछाया पडते. काठाला दगडी पायऱ्या आहेत, अगदी आपल्या घाटासारख्या, फक्त शेवाळ कमी. खाली पाण्यावर तरंगता प्लॅटफॉर्म, तिथे एक जण मेणबत्ती पेटवून देतो, तुम्ही वाकायचं, दिवा पाण्यावर ठेवायचा, हात जोडायचे, निघायचं. एका माणसाला अर्धा मिनिट मिळतं. कोणी ढकलत नाही पण मागची रांग पाठीला जाणवते.

आणि इथे खरी गंमत झाली. आईने दिवा सोडला आणि तो जाईना.

म्हणजे आम्ही काय समजून होतो, नदी आहे, प्रवाह आहे, दिवा सोडला की झुळझुळ पुढे जाणार, पंचगंगेवर त्रिपुरीला पहाटे द्रोण सोडतो ते कसे भराभर शिंगणापूरच्या बंधाऱ्याकडून आलेल्या पाण्याबरोबर जातात तसं. इथला दिवा जागच्या जागी डुलत राहिला, मग हळूच मागे फिरला आणि डोमच्या अंगाने वरच्या बाजूला, उलटा, चालायला लागला. आईचा चेहराच पडला. तिच्या हिशोबाने दिवा परत येणं म्हणजे घेणाऱ्याने घेतला नाही. माझ्याही पोटात थोडं कसंतरी झालं, खोटं कशाला बोलू.

उत्तर साधं आहे आणि ते तिथल्याच एका वयस्कर काकांनी भावाला सांगितलं. हिरोशिमा हे ओता नदीच्या त्रिभुज प्रदेशावर वसलंय, समुद्र अगदी जवळ, त्यामुळे गावातल्या नद्यांना भरती-ओहोटी असते. आम्ही गेलो तेव्हा भरती चढत होती म्हणून पाणी उलटं, समुद्राकडून वर येत होतं. आठनंतर बघा, म्हणाले, फिरेल. कोकणातल्या माणसाला हे सांगावं लागलं नसतं, खाडीकाठच्याला तर नाहीच, आम्ही पडलो घाटावरचे.

म्हणून तुम्ही जाणार असाल तर हा माझा सगळ्यात कामाचा सल्ला: त्या दिवसाची भरतीची वेळ आधी बघून जा. ती इंटरनेटवर मिळते. भरतीच्या वेळी दिवे वरच्या अंगाला आयोई पुलाकडे जातात, पाणी थांबलं की सगळे डोमसमोर घोळका करून उभे राहतात, आणि ओहोटी लागली की मोतोयासु पुलाखालून समुद्राकडे निघतात. प्रत्येकाचा फोटो वेगळा येतो आणि उभं राहायची जागाही वेगळी. आयोई पूल म्हणजे तो इंग्रजी टी आकाराचा पूल, विमानातून बॉम्ब टाकणाऱ्यांनी नेम धरला होता तो हाच. आमचे दिवे त्याच्याच दिशेने निघालेले.

सूर्य सात-सव्वासातला मावळतो. त्याआधी दिवे नुसते रंगीत कागदाचे खोके दिसतात, काही विशेष नाही, मी मनात म्हणत होते एवढ्यासाठी आलो का. साडेसातनंतर आकाश गडद झालं आणि मग ते दिसायला लागलं, शब्दात धड सांगता येत नाही मला, प्रयत्न करते. कागदाचा रंग पाण्यात खाली लांबट पट्ट्यासारखा पडतो, आणि शेकडो पट्टे एकमेकांत मिसळतात, आणि पाणी भरतीमुळे जवळजवळ थांबलेलं, त्यामुळे हलतात तेसुद्धा कळेल न कळेल असे. हजारो माणसं दोन्ही काठांना आणि आवाज कसला तर पंख्यांचा. लांब कुठेतरी गाणं चालू होतं, पोरं गात होती, पण तेही दबकत.

आम्ही पुलावर गेलो नाही, तिथे फार चेंगराचेंगरी होती. पार्कच्याच बाजूला जरा खालच्या अंगाला पायऱ्यांवर बसायला जागा मिळाली, साडेसातपर्यंत लोक दिवे सोडून जेवायला जातात तेव्हा पायऱ्या मोकळ्या होतात, ही दुसरी टीप. आई आपला दिवा शोधत होती, चष्मा पुसून पुसून, पिवळा होता तिचा, आणि पिवळे तिथे किती असतील. आठ-सव्वाआठच्या सुमारास ते काका म्हणाले तसं खरंच झालं, आधी कडेचे दिवे हलले, मग मधले, आणि सगळा घोळका हळूहळू वळला आणि आमच्यासमोरून खाली जायला लागला. आई उठून उभी राहिली. पिवळे दिवे मोजत होती की काय कोण जाणे. मी विचारलं नाही.

खाली बोटी असतात, त्या दिवे गोळा करतात, एकही नदीत किंवा समुद्रात सोडत नाहीत. हे मला फार आवडलं, आणि हे लिहिताना पंचगंगेचं नाव मी मुद्दाम घेत नाहीये.

बाकीच्या गोष्टी पटापट.

म्युझियम आदल्या दिवशी संध्याकाळी केलं, तिकीट मोठ्यांना फक्त २०० येन, पण वेळ ऑनलाइन बुक करून जा नाहीतर रांगेतच दिवस जाईल. दहा-बारा वर्षांखालची पोरं असतील तर आत नेण्याआधी विचार करा, जळालेली तीनचाकी सायकल आणि कोळसा झालेला डबा काचेत ठेवलाय, माझा नवरा, जो कुठल्याही सिनेमाला रडत नाही, तो डब्यापाशी थांबून बाहेर निघून गेला. बॉम्बमुळे ल्युकेमिया होऊन गेलेल्या सादाको या मुलीची गोष्ट आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत ऐकलेली असते, कागदी क्रौंच पक्ष्यांची, तिचं स्मारक १९५८ चं आहे आणि त्याच्याभोवती काचेच्या कपाटांत माळाच माळा, वर्षाला सुमारे दहा टन कागदी पक्षी येतात म्हणे जगभरातून.

मराठी माणसासाठी खास: नदीकाठीच, डोमपासून जवळ, गांधीजींचा ब्राँझचा अर्धपुतळा आहे, २०२३ च्या मे महिन्यात जी-७ च्या वेळी मोदींच्या हस्ते बसवलेला, ४२ इंचांचा. तो घडवलाय राम सुतारांनी, म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे. नवऱ्याचं आजोळ तिकडचं त्यामुळे त्याने तिथे असा फोटो काढून घेतला जसा काही पुतळा घरच्यानीच केलाय.

खाणं हा शाकाहाऱ्यांसाठी वैतागच आहे. हिरोशिमाचं ओकोनोमियाकी फेमस, तव्यावर पातळ घावन घालतात, त्यावर कोबीचा डोंगर, मोड आलेले मूग असतात तसले स्प्राउट्स, मांस, नूडल्स, अंडं आणि गोड आंबट सॉस. 'निकु नाशि' म्हणजे मांस नको असं सांगितलं की काढून करून देतात, पण वरून माशाचे वाळवलेले तुकडे भुरभुरवतात कधीकधी आणि सॉसमधे काय असतं ते देव जाणे. मी आणि नवरा खाणारे, आम्हाला बेहद्द आवडलं, तवा समोरच असतो आणि तुम्ही उलथन्याने तोडून थेट तव्यावरूनच खाता, कोल्हापुरात चाललं असतं. आई दोन दिवस दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर होती. कोनबिनीतली उमेबोशीची ओनिगिरी, म्हणजे भाताच्या त्रिकोणात आंबट खारट फळ, तिला आवडली, दहीभाताला लोणचं तोंडी लावतात तसं आहे म्हणाली, पण कट्टर असाल तर त्यातही माशाचा अर्क असू शकतो, पाकीट ट्रान्सलेट करून बघा. कचऱ्याचे डबे कुठेच नाहीत, आपला कचरा पिशवीत घेऊन फिरायचं.

आणि ज्यांना खरंच नुसते सुंदर दिवे बघायचेत, मन जड करायचं नाहीये, सुट्टी आहे शेवटी, त्यात काही चूक नाही, त्यांनी क्योतोला आराशियामाला १६ ऑगस्टला जावं. तोगेत्सु पुलाजवळ कात्सुरा नदीत दिवे सोडतात आणि त्याच रात्री आठपासून क्योतोच्या पाच डोंगरांवर आगीने अक्षरं आणि आकृत्या पेटवतात, त्यातली तोरीच्या कमानीची आकृती तिथून दिसते. टोकियोत राहत असाल तर आसाकुसाला सुमिदा नदीवरही होतं. पण १६ ला गेलात तर क्योतोतली गर्दी ही हिरोशिमाच्या गर्दीपेक्षा वेगळ्या जातीची असते एवढं सांगते.

ओव्हरऑल साडेचार. अर्धा बसायच्या जागेचा कापला, आणि रांगेच्या सूचना इंग्रजीत अजून थोड्या चालल्या असत्या, आम्हाला भाऊ होता म्हणून निभावलं, नुसते टुरिस्ट म्हणून गेलात तर ट्रान्सलेटचं ॲप डाउनलोड करून ठेवा. परत जाईन का? उन्हाकडे बघून नाही म्हणते. आईला विचारलं तर ती म्हणाली पुढच्या वेळी संध्याकाळचं जाऊ, सकाळचं नको.

दुसऱ्या दिवशी मियाजिमा बेटावर बोटीने जायचं होतं, लवकर निघालेलो, तरी आईने हट्ट धरला की आधी नदीवरून जाऊ. सकाळी आठचा सुमार असेल. पाणी पुन्हा चढून पायऱ्यांना लागलेलं, मंडपांचे पाइप खोलायचं काम चालू, सायकलवरून माणसं ऑफिसला निघालेली. पाण्यावर कागदाचा एक कपटा नव्हता. आईने दोन्ही बाजूंना, वर आयोई पुलाकडे आणि खाली, नीट बघून घेतलं.

"गेला म्हणायचा," म्हणाली, आणि विचारलं की त्या बोटीवर चहा मिळतो का, दुधाचा, तो हिरवा नको.